तात्यांचं सर्वस्वी स्वतंत्र नाटक

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच नाटक लिहिलं, आणि ते इंग्रजांनी त्यांच्या आधी दहा वर्षं चोरलं.

तात्या, म्हणजे माझे सासरे, सांगलीला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. पण ही माहिती त्यांच्याकडून कुणाला मिळाली नाही. ते स्वतःची ओळख ‘नाटककार’ अशीच करून देत. ऐंशीच्या दशकात ते आमच्याकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला आले, तेव्हा डेट्रॉइटच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या गोऱ्याने विचारलं, “ऑक्युपेशन?” तात्या म्हणाले, “प्लेराइट,” आणि मागे अख्खं विमान रांगेत उभं असताना त्याला पहिल्या अंकाचं कथानक सांगितलं. त्याने झटकन सहा महिन्यांचा शिक्का मारला. दुसरा अंक ऐकायला लागू नये म्हणून, असं माझं प्रामाणिक मत आहे.

नाटकाचं नाव ‘एक कपाट, चार पाहुणे’. गोपाळराव नावाचा एक गृहस्थ असतो. त्याच्या श्रीमंत मावशीला घरात परकं माणूस खपत नाही, आणि नेमकी मावशी आली की दाराशी एकेक परकं माणूस येतं. गोपाळराव प्रत्येकाला त्याच एका कपाटात कोंबतो. आत एक रिटायर्ड मामलेदार शिंकतो, गोपाळराव म्हणतो, “मांजर आहे, मावशी!” मग मामलेदाराची खोटी मिशी कटाच्या आमटीत पडते आणि ती मावशीच्या वाटीत निघते. एवढंच. पण सांगलीत ह्या मिशीवर माणसं खुर्चीतून खाली पडली आहेत (तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे एक माणूस पडला तो उठलाच नाही, पण माझी बायको सुलभा म्हणते की त्याला आधीपासून फिट्स येत होत्या). छापील पुस्तकाच्या पहिल्याच पानावर नाटकाच्या नावाखाली मोठ्या टायपात होतं: ‘सर्वस्वी स्वतंत्र’.

आमच्या मराठी मंडळाचा गणपती चतुर्थीला येत नसे. शाळेचं कॅफेटेरिया ज्या शनिवारी भाड्याने मिळे, त्या शनिवारी येई. त्या वर्षी मंडळाने ठरवलं की गणपतीत तात्यांचं नाटक बसवायचं, दिग्दर्शन तात्यांनीच करायचं, आणि प्रयोगाच्या आधी मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर देवधर यांच्या हस्ते तात्यांना शाल आणि श्रीफळ द्यायचं. आमच्या बेसमेंटमध्ये तालमी सुरू झाल्या. मला काम नव्हतं. मी चहा करायचा, असं तात्यांनी दिग्दर्शक ह्या नात्याने ठरवलं होतं.

तर गणपतीच्या नऊ-दहा दिवस आधी मी संध्याकाळी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होतो. समोर टीव्ही चालू होता. आमच्या छतावर तेव्हा अँटेना होता आणि तो फिरवायला टीव्हीवर एक बटणाचा डबा. बटण पूर्वेला फिरवलं की वर मोटार घरघरत अँटेना वळवायची आणि नदीपलीकडच्या कॅनडाचं एक स्टेशन दिसायचं. अमेरिकन स्टेशनांवर सदैव मोटारी एकमेकींवर आदळत असत. कॅनडावाले जुने काळे-पांढरे इंग्रजी विनोदी सिनेमे दाखवत. ‘येत्या शनिवारी दुपारी चार वाजता’ म्हणून त्यांनी एका सिनेमाचा तुकडा दाखवला. इंग्लंडमधलं एक घर. एक श्रीमंत आत्या सूप पीत बसलीय. मागे कपाट. कपाटात कुणीतरी शिंकतं. तिचा भाचा म्हणतो, “मांजर आहे, आंटी!” कपाट उघडतं, आतून एक गलेलठ्ठ कर्नल कोसळतो, आणि त्याची खोटी मिशी उडून...

“अय्या!” सुलभा माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. “तात्यांचं नाटक! अरे बघ, बघ! साहेबाने तात्यांचं नाटक चोरलं!”

“सुलभा...”

“मिशीसकट चोरलं! केस करायला पाहिजे.”

“अगं, निवेदक काय म्हणाला ते ऐकलंस का? हा सिनेमा महायुद्ध संपलं त्या सुमाराचा आहे. तेव्हा तात्या शाळेत पाढे म्हणत होते.”

भेंडीचा एक तुकडा सुलभाने उचलला, नीट पाहिला आणि परत ठेवला. तिच्या माहेरी दिवाणखान्यात देवाच्या फोटोशेजारी ह्या नाटकाचं पोस्टर फ्रेम करून लावलेलं आहे. लग्नात माझ्या आईने हुंड्याचा विषय काढला नाही तो, “मुलगी नाटककाराची आहे,” एवढ्याच बोलीवर.

“देवधरांनी हा सिनेमा बघता कामा नये,” ती म्हणाली.

इथे देवधरांबद्दल सांगायला हवं. डॉक्टर देवधर हाडांचे डॉक्टर. तरुणपणी काही वर्षं लंडनला काढलेली. तिथून त्यांनी एक डिग्री, एक छत्री आणि जुन्या इंग्रजी विनोदी सिनेमांचं व्यसन आणलं. डिग्री भिंतीवर असे, छत्री हरवली होती, व्यसन मात्र दर शनिवारी दुपारी चार ते साडेपाच चालू. त्या वेळात ॲन आर्बरमध्ये कुणी हाड मोडून घेत नसे, कारण उपयोग नव्हता.

“त्या सिनेमांत आहे काय, डॉक्टर?” मी एकदा विचारलं होतं. “जुनाट घरं, जुनाट टोप्या. कुणी पळालं तर ते पळणंसुद्धा जुनं वाटतं.”

“विनायक, त्यात लाज आहे,” देवधर म्हणाले. “अमेरिकन माणूस दुसऱ्याच्या कपाटात सापडला तर बाहेर येऊन ‘हाय’ म्हणतो. संपला सिनेमा! इंग्रज मरेल, पण कपाटातून निघणार नाही. चारचौघांत शोभा नको. ही जी कपाटात बसून राहण्याची वृत्ती आहे ना, ती जगात फक्त दोन ठिकाणी उरलीय. एक इंग्लंडात आणि दुसरी सदाशिव पेठेत. म्हणून आपल्याला ते सिनेमे शिळे होत नाहीत.”

अशा माणसाने शनिवारी तो सिनेमा बघायचा आणि पुढच्याच शनिवारी सगळ्या मंडळासमोर तात्यांना ‘स्वतंत्र नाटककार’ म्हणून शाल घालायची? देवधर बोलल्याशिवाय राहिले असते? माईक हातात असताना? सुलभा त्या रात्री जेवली नाही. मी तिच्या वाटणीचं जेवलो, पण चव लागली नाही.

पहिला उपाय मीच केला. देवधरांना फोन केला.

“डॉक्टर, शनिवारी चार वाजता जादा तालीम ठेवू या का?”

“चार वाजता मी मेलेलो असेन तरी टीव्हीसमोरच असेन,” देवधर म्हणाले. “विनायक, ह्या शनिवारी जुना माल आहे!”

“व्हीसीआरवर टेप करा की.”

“टेप केलेला सिनेमा म्हणजे शिळं पिठलं. मी खात नाही.”

मी फोन ठेवला. सुलभा म्हणाली, “तुझ्याच्याने होणार नाही. शनिवारी दुपारी आपल्याकडे सत्यनारायण आहे.”

“कधी ठरलं?”

“आत्ता.”

मी तिच्याकडे आदराने पाहिलं. अमेरिकेत माणूस कुठलंही आमंत्रण कॅन्सल करू शकतो. डिनर, पिकनिक, बारसं, सगळ्याला ‘सॉरी यार, काम आलं’ चालतं. सत्यनारायणाला चालत नाही. पोथीतच लिहिलंय. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली, तर नवऱ्यासकट नाव बुडाली. देवधरांना पोथीची भीती नव्हती, पण त्यांच्या पत्नी मालतीकाकूंना होती, आणि देवधरांना मालतीकाकूंची होती.

हिशोब सोपा होता. पूजा तीनला सुरू. पोथी तात्या वाचणार. तात्या पोथी वाचत ती एखाद्या नाटककाराने वाचावी तशी. साधुवाण्याला वेगळा आवाज, राजाला वेगळा, प्रत्येक अध्यायानंतर पात्रांच्या स्वभावाचं विवेचन. सांगलीत त्यांनी एकदा वाचायला घेतलेल्या सत्यनारायणाचा प्रसाद लोकांनी रात्रीच्या जेवणाला खाल्ला होता. साडेपाच सहज वाजले असते. तात्या पोथीत, देवधर प्रसादात आणि सिनेमा हवेत! वर खबरदारी म्हणून मी टीव्हीच्या मागची अँटेनाची वायरही काढून ठेवली.

शनिवारी तीनला मी उघड्या अंगाने, सासऱ्यांनीच लग्नात दिलेला लाल पितांबर नेसून पाटावर बसलो. शेजारी सुलभा नऊवारीत. समोर मंडळाची बरीच मंडळी, आणि पहिल्या रांगेत देवधर मांडी घालून घड्याळाकडे बघत. तात्यांनी पोथी उघडली.

आणि जे सुटले!

तसं पोथीवाचन मी आजवर ऐकलेलं नाही. पहिला अध्याय ते एका श्वासात प्यायले. दुसऱ्यात लाकूडतोड्याला त्यांनी लाकडं विकूसुद्धा दिली नाहीत. साधुवाण्याची नाव बुडाली आणि ओली व्हायच्या आत वर आली. मी सुलभाकडे पाहिलं. सुलभाने डोळे वटारून माझ्याकडेच पाहिलं, जणू मीच पोथी फास्ट फॉरवर्ड करत होतो.

“तात्या,” मी मधेच म्हणालो, “कलावतीच्या स्वभावाबद्दल दोन शब्द...”

“उतावळी होती,” तात्या म्हणाले. “अध्याय पाचवा!”

पावणेचारला आरती. एक कडवं झाल्यावर तात्यांनी निरांजन खाली ठेवलं. “बाकीच्या आरत्या मनातल्या मनात म्हणा. देवाला पोचतात.”

“आणि मंत्रपुष्पांजली?” सुलभाने रडवेल्या आवाजात विचारलं.

“तीसुद्धा!”

प्रसादाचा शिरा हातावर पडतो न पडतो तोच देवधर उठले. “विनायक, चारला पाच कमी! टीव्ही लाव.”

“टीव्ही बिघडलाय, डॉक्टर.”

“काय झालं?”

“आतून बिघडलाय.”

हाडांच्या डॉक्टरला ‘आतून’ सांगून काही उपयोग नसतो. त्यांनी शिऱ्याची वाटी मालतीकाकूंच्या हातात दिली, टीव्ही पुढे ओढला, मागे डोकं घातलं. “बिघडलाय कसला! वायर निखळलीय नुसती.” कट्‌कन त्यांनी ती बसवली, इतक्या प्रेमाने की कुणाचा खांदाच जागेवर बसवताहेत. मग बटण पूर्वेला फिरवलं. वर छतावर मोटार घरघरली. पडद्यावर मुंग्या आल्या, आणि मुंग्यांच्या आडून कुणीतरी इंग्रजीत “गुड हेवन्स!” म्हणालं. तात्यांनी खुर्ची ओढून अगदी टीव्हीसमोर घेतली. सगळी मंडळी त्यांच्यामागे सतरंजीवर सरसावून बसली.

सुलभाने मला स्वयंपाकघरात ओढलं. “वर जा.”

“कुठे वर?”

“छतावर! अँटेना उलटीकडे फिरव. मोड. तोड. काय वाट्टेल ते कर! तात्यांसमोर तात्यांची मिशी त्या सुपात पडली ना, तर मी तुला जन्मात माफ करणार नाही.”

“कपडे तरी बदलू दे.”

“मिशी पहिल्या पंधरा मिनिटांतच पडते!”

हे नाटकापुरतं तरी बरोबर होतं. मी बाहेर जाताना मोठ्याने म्हणालो, “मुंग्या फार आहेत, मी जरा वर जाऊन बघतो.”

“शाब्बास!” देवधर ओरडले. “जावई असावा तर असा!”

घराच्या बाजूला शिडी लावली आणि चढलो. माझ्याविषयी एक गोष्ट सांगतो. मी मोटार कंपनीत इंजिनिअर होतो आणि गाडीच्या काचेवर फिरणाऱ्या वायपरची मोटार हा माझा विषय होता. घरघरणारी वस्तू थांबवणं हा माझ्या डाव्या हातचा मळ. वर गेलो, मोटारीची वायर उपटली, अँटेनाची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि सगळा जोर लावून पश्चिमेला, पार शिकागोकडे वळवली.

खालून आरोळी आली, “गेलं! गेलं!”

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी नंतर मुलगी झाली तेव्हा अनुभवला. मी हात झटकले आणि उतरायला वळलो.

तेवढ्यात वारा सुटला. मिशिगनचा वारा सप्टेंबरातच हिवाळ्याची रंगीत तालीम करू लागतो. माझा पितांबर फुगला, शिडासारखा वर उठला आणि त्याचा सोगा अँटेनाच्या दांड्यांत जाऊन अडकला. मी ओढला. तो आणखी गुंतला. मी उजवीकडून प्रदक्षिणा घालून सोडवायला गेलो, तर पितांबराबरोबर अँटेनाही माझ्यामागोमाग फिरला.

“आलं! आलं!” खालून आवाज.

मी दचकून मागे सरलो.

“गेलं!”

पुढे.

“आलं! विनायक, हलू नकोस!” देवधरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. “आता काचेसारखं दिसतंय! तू धरलंस की दिसतं! धरून ठेव!”

“डॉक्टर, मला जमणार नाही!”

“अरे, मुंबईत आपण गच्चीवर उभे राहून अख्खी मॅच दाखवलीय लोकांना! धर!”

आता वाचक विचारतील, सोडून का दिलं नाही? देतो कसा? सोडलं की अँटेना वाऱ्याबरोबर फिरणार, अँटेनाबरोबर पितांबर जाणार आणि पितांबराखाली मी जे नेसलो होतो ते समोरच्या रस्त्याला दाखवण्यासारखं नव्हतं. दांडीला मिठी मारून मी उभा राहिलो. पायाने शिडी चाचपायला गेलो तर ती घसरली आणि गवतावर जाऊन शांतपणे आडवी झाली.

खाली हशा सुरू झाला. आधी सुटा सुटा. मग एकदम सगळ्यांचा. मी दांडीला कपाळ टेकलं. पडली बहुतेक मिशी! सुलभा अंगणात धावत आली आणि वर बघून दबक्या आवाजात म्हणाली,

“अरे, तुला तोडायला पाठवलं होतं, तू दाखवतोयस काय?”

“मी दाखवत नाहीये! दिसतंय!”

“तात्या काय करताहेत ते मला बघवत नाही.”

“काय करताहेत?”

“काहीच नाही. टीव्हीला नाक लावून बसलेत. हसतसुद्धा नाहीत!”

ज्या विनोदावर सांगलीत माणूस फिट येऊन पडला, त्या विनोदाला तात्या हसत नव्हते! म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य त्या एका वाटीतल्या आमटीत होतं, आणि ती वाटी साहेबाच्या घरची निघावी? आणि दाखवतंय कोण? तर मी! जातीने, उभं राहून, पितांबर नेसून!

सुलभा शिडी उचलायला गेली, पण शिडी लोखंडाची, ती नऊवारीत आणि आतलं कुणी टीव्हीसमोरून उठेना. तेवढ्यात समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली. ही बाई मोठी समंजस. आदल्या वर्षी आम्ही प्लास्टिकच्या टबात गणपती विसर्जन केला, तेव्हा ती हात जोडून उभी राहिली होती. तिने मला पाहिलं. उघडा माणूस, लाल रेशीम फडफडतंय, खांबाला मिठी, डोळे मिटलेले.

“इज इट अ रिलिजस थिंग?” तिने नम्रपणे विचारलं.

“नो! येस! प्लीज, लॅडर!” मी म्हणालो.

“टेक युअर टाइम, डिअर,” ती म्हणाली आणि हात जोडून उभी राहिली. तासाभरात तिच्या शेजारी आणखी चार-पाच जण जमले. ती त्यांना हलक्या आवाजात माझ्या धर्माची माहिती देत होती. त्यांतल्या एकाला ती पटली नसावी, कारण थोड्याच वेळात दोन बंब सायरन वाजवत आमच्या दारात आले.

“सर!” एक धिप्पाड फायरमन भोंग्यातून ओरडला. “डोन्ट जंप! वी कॅन टॉक अबाउट इट!”

“आय ॲम नॉट जंपिंग!”

“देन व्हॉट आर यू डूइंग, सर?”

मी खरं ते सांगितलं. “माय फादर-इन-लॉ इज वॉचिंग अ मूव्ही.”

फायरमनने शेजारच्या फायरमनकडे पाहिलं. त्यालाही सासरा असावा, कारण तो हळहळला.

त्यांनी मोठी शिडी वर सरकवली, मला अलगद पकडलं आणि पितांबर सोडवायला फार वेळ लागेल म्हणून पितांबरातून मलाच सोडवलं. घोंगडीत गुंडाळून मला खाली आणत असताना आत घरातून एकच आक्रोश ऐकू आला. “गेलं! गेलं! अरे विनायक! विनायक!!” मी वर पाहिलं. अँटेना पितांबरासकट गरगर फिरून पुन्हा शिकागोकडे तोंड करून उभा होता, आणि आमच्या घरावर लाल झेंडा फडकत होता.

घोंगडी आवळून मी घरात शिरलो. सुलभा माझ्या पाठीमागे. दोघांनाही तात्यांच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. तात्या मुंग्यांच्या पडद्यासमोर उभे होते आणि त्यांचे डोळे लाल झाले होते.

“तात्या,” सुलभा रडायलाच लागली, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. साहेबाला काय कळतंय? तुमची आमटी त्याच्या सुपाहून...”

“जावईबापू,” तात्या म्हणाले, “आणखी दहा मिनिटं धरवत नव्हतं तुम्हांला?”

“ॲं?”

“दहा मिनिटं! शेवट आला होता हो! कर्नल कपाटात, आत्या दाराशी, किल्ली मांजराच्या गळ्यात, आणि तुम्ही सोडलंत?”

तात्या मटकन खुर्चीत बसले आणि मग जे सांगू लागले ते ऐकताना माझी घोंगडी दोनदा सुटता सुटता राहिली. तरुणपणी ते नोकरीच्या परीक्षेसाठी पुण्याला गेले होते. संध्याकाळची मिरज पॅसेंजर गाठायची होती, वेळ काढायला कॅम्पातल्या एका थिएटरात शिरले, आणि हाच सिनेमा लागलेला! हसून हसून बाकाखाली गेले. पण घड्याळ पाहिलं तर गाडीची वेळ झालेली. कर्नल कपाटात असतानाच ते उठून स्टेशनवर पळाले.

“त्यानंतर तो सिनेमा पुन्हा कुठे लागला म्हणून नाही,” तात्या म्हणाले. “मला झोप येईना. त्या माणसाचं पुढे काय झालं? म्हणून मग मी स्वतःच लिहून काढलं. तीस वर्षं तो कर्नल माझ्यासाठी कपाटातच आहे, जावईबापू. परवा टीव्हीवर जाहिरात पाहिली, म्हटलं, आज सुटला बिचारा! त्यासाठी सत्यनारायणाला पळवलं मी!”

“आणि पुस्तकावर ‘सर्वस्वी स्वतंत्र’?” मी घोंगडी सावरत विचारलं.

“मग? तिसरा अंक मला दिसलाच नव्हता. तो माझाच नाही का?”

मी देवधरांकडे वळलो. देवधर शांतपणे गार शिरा खात होते. “मला पहिल्या तालमीलाच कळलं होतं,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? लंडनला कर्नल शिंकतो, सांगलीत मामलेदार शिंकतो. शिंक काय कुणाच्या मालकीची असते? आणि मराठी रंगभूमीवर ‘स्वतंत्र’ म्हणजे काय, तर साहेबाच्या तावडीतून सोडवलेलं!”

“ते राहू द्या हो,” तात्या काकुळतीला येऊन म्हणाले. “डॉक्टर, तुम्ही तर हा लंडनला पाहिला असेल. शेवट काय आहे?”

देवधरांनी चमचा थांबवला. “आठवत नाही बुवा. खरं सांगू? ह्या सिनेमांना शेवट नसतो. पळून पळून सगळे दमले की संपतो.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, घोंगडीच्या कडेपर्यंत. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. बंब अजून उभे होते. समोरची म्हातारी अजून हात जोडून होती. आणि तात्या, दुपारपासून पहिल्यांदाच, हसायला लागले. हसता हसता खुर्चीवरून घसरले. “कागद आणा,” ते खालूनच म्हणाले.

आठवड्याभरात तिसरा अंक नव्याने लिहून झाला. त्यात गोपाळरावाचा जावई निघाला (पहिल्या दोन अंकांत त्याला मुलगीसुद्धा नव्हती, पण फार्सात तेवढं चालतं), तो सोवळ्याने छतावर चढला, त्याचा पितांबर अँटेनात अडकला आणि त्याला उतरवायला बंब आला. असला प्रसंग कुठल्याही साहेबाच्या बापाला सुचला नव्हता. मंडळाच्या जाहिरातीत ‘सर्वस्वी स्वतंत्र’ ह्याखाली सुलभाने स्वतःच्या हाताने दोन रेघा मारल्या.

जावयाची भूमिका कुणी करायची हा प्रश्न निघाला तेव्हा मी विनयाने उभा राहिलो. अनुभव होता.

“तुम्ही नको, जावईबापू,” तात्या म्हणाले. “उगाच अतिशयोक्ती वाटते. खरं वाटत नाही.”

भूमिका देवधरांनी केली. कॅफेटेरिया कोसळायचं बाकी राहिलं. शाल देवधरांनी तात्यांना घातली, ती तात्यांनी प्रयोगानंतर आनंदाने देवधरांनाच परत घातली. मी चहा देत फिरत होतो. डेट्रॉइटहून आलेल्या एका काकूंनी कप घेतला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “काय तो जावई उभा केला हो डॉक्टरांनी! अगदी डोळ्यांसमोर घडतंय असं वाटलं. तुम्हीही लोकांसमोर यावं की कधीतरी. इतकं बुजरं असू नये माणसाने!”